वाढत्या मापाचे पट्टे

साधनानं अर्पिताचं उजवं मनगट धरलं आणि पट्ट्याचं बकल सोडलं. अर्पिता जिम्नॅस्टिक्सच्या बारखाली दोन्ही हात वर करून उडी मारायच्या तयारीत उभी होती. तिनं हात मागे ओढून पाहिला, पण साधनानं तो सोडला नाही.

“बराबर बसलेत, ताई,” अर्पिता म्हणाली. “काल आत्याकडं पण घालून बघितले.”

दिसायला बराबरच दिसत होते. चामड्याची दोन भोकं मधल्या दोन बोटांत अडकलेली, भोकांच्या खाली चामड्यातच बसवलेली बारीक आडवी दांडी, तळहातावरून चामडं मनगटापर्यंत आलेलं आणि तिथं बकल आवळलेलं. आधीच्या पाच पोरींचे पट्टे साधनानं असेच एकेक करून तपासले होते. पोरीनं हात पुढे करायचा, बोटं ताठ ठेवायची, आणि साधना चामड्याखाली आपली करंगळी घालून बघणार. करंगळी अडत अडत गेली म्हणजे माप जमलं. अर्पिताच्या हातातही ती जशी जायला हवी तशीच गेली होती. खटकलं ते मनगट. पोर अशी हडकुळी, दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं तिचं मनगट, ते एका रात्रीत पैलवानाचं कसं झालं?

बकल सुटलं तसा आतला कापडी बँड दिसला. त्याच्या आत दुसरा बँड होता, आणि त्याच्याही आत जुन्या बनियनची चिंधी वेढे देऊन बांधलेली. पट्टा मनगटाच्या बराच खाली, कोपराच्या बाजूला ओढून घेतला होता, आणि तो तिथून हलू नये म्हणून हा सगळा बंदोबस्त. चिंधी निघाल्यावर चामडं ढिलं पडलं आणि तळहातापासून सुटून लोंबायला लागलं. साधनानं पट्टा उलटा करून पाहिला. आतल्या बाजूला, बकलाच्या शेजारी, छोट्या गोलात तीनचा आकडा छापलेला होता. तिनं तर एक नंबर सांगितला होता.

बारवर झोके घेणाऱ्या पोरांच्या तळहाताची सालटं निघतात. फोड येतात, फुटतात, आणि फुटल्या फोडांवर पुन्हा बार. ते थोडं वाचावं आणि पकड पक्की बसावी म्हणून हातात चामड्याचे ग्रिप्स घालतात. नवीन जालन्यातल्या या हॉलमध्ये त्यांना ग्रिप्स म्हणणारी एकटी साधनाच. पोरी, पोरींच्या आया, आज्या, झाडून सगळे पट्टे म्हणायचे, आणि शेवटी साधनानंही हार मानली. हॉल तरी कसला, बियाण्यांचं जुनं गोदाम ते; हवा दमट झाली की भिंतींना अजून बियाण्याच्या औषधाचा वास सुटतो. तिथं ती शिकायला आलेल्या पोरीला सुरुवातीची काही वर्षं पट्ट्याला हात लावू देत नसे. आधी हात तयार होऊ दे, बोटांत जोर येऊ दे, मग चामड्याचं बघू. यंदा सहा पोरींचे हात तयार झाले होते, आणि त्यांत अर्पिताचे सगळ्यांत आधी.

सहाही जणींची मापं साधनानं स्वतः घेतली होती, मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. बाकीच्यांच्या घरी तिनं स्वतः फोन करून नंबर सांगितला. अर्पिता मात्र म्हणाली, मीच सांगते बाबांना, मला तसाही त्यांना फोन करायचाय. साधनाला वाटलं, बरं झालं, एक फोन वाचला. तो वाचला नसता तर बरं झालं असतं.

“मी कोणता नंबर सांगितला होता, अर्पिता?”

अर्पिता मॅटकडे बघत राहिली.

“एक,” ती म्हणाली. “मी बाबांना दोन सांगितला.”

“मग हा तीन कुठून आला?”

“ते मला न्हाई माहीत, ताई. आईशप्पथ न्हाई माहीत.”

साधनानं बाकीच्या पोरींना बीमकडे पिटाळलं आणि अर्पिताला घेऊन ती रचून ठेवलेल्या मॅटांवर बसली. साधनानं काही विचारलं नाही. ती चिंधीची घडी घालत बसली, घडी मोडून पुन्हा घालत बसली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

अर्पिता वाटूरची. पाचवीपासून जुन्या जालन्यात आत्याकडे, सत्यशीलाबाईंकडे, शाळेसाठी राहिलेली. मागच्या उन्हाळ्यात तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न झालं आणि वाटूरच्या घरात आईबाप दोघंच उरले. दिवाळीत अर्पिता घरी गेली तेव्हा सगळे जेवायला बसलेले असताना आईनं विषय काढला. थोरली गेली ती गेली, आता धाकटीला तरी घरी आणा. वाटूरला काय शाळा नाही? दोन माणसांचा स्वयंपाक करायचा आणि भिंतींशी बोलायचं, हे तिच्यानं होत नव्हतं. बाप, काकासाहेब, घास हातात धरून बसला. मग म्हणाला, आता ते पट्टे घ्यायचं निघालंय, तेवढे घेऊन देऊ. ते पुरतील तवर खेळू दे तिला. मंग आणू घरी. आईला ते पटलं.

त्या घराची रीतच तशी. कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणायचं नाही. ही चप्पल तुटू दे, मग बघू. हे दप्तर फाटू दे, मग बघू. हातातली वस्तू जेवढी चालेल तेवढी मुदत, त्यावर भांडण नाही, तक्रार नाही. एकदा बोललं की बोललं.

आणि वस्तू कशी पुरवायची हे अर्पिताला कुणी शिकवायची गरज नव्हती. जन्मल्यापासून तिच्या अंगाला आलेली प्रत्येक गोष्ट वाढत्या मापाची. शाळेचा ड्रेस घेतला की खालची पट्टी आत दुमडून शिवायची आणि पोर वाढेल तशी उसवत न्यायची. बुटाच्या टोकात कापूस कोंबायचा. लेकरू वाढतं, कापड वाढत न्हाई, असं तिची आई म्हणायची, आणि अर्ध्या मराठवाड्यातल्या आया म्हणतात. तेव्हा मोठा पट्टा जास्त दिवस पुरेल आणि पट्टा पुरेल तेवढे दिवस जालन्यात राहता येईल, हे गणित पोरीनं एकटीनं सोडवलं होतं. दोनच्या जागी तीन नंबर आलेला बघून ती आधी घाबरली आणि मग खूश झाली. मग आत्याच्या घरात चिंध्या शोधत फिरली.

साधनाला सणकून राग आला होता. बारवर आणखी एक उडी आणि काय झालं असतं, याचं चित्र तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून तिनं चिंधी वर उचलली, तर तिला तिची गाठ दिसली. एका हातानं मारता येत नाही म्हणून एक टोक दातांत धरून मारलेली, अजून ओलसर अशी गाठ. त्यानंतर तिला रागावणं जमेना.

तिनं अर्पिताला नीट समजावून सांगितलं. पट्टा लांब असला की झोक्यात तो बारभोवती फिरून स्वतःवरच दुमडतो, आणि दुमडला की अडकतो. हात बारला चिकटून राहतो. अंग मात्र वेगात असतं, ते पुढे जातं. चिंध्या कितीही बांधल्या तरी अंगाचं वजन आलं की पट्टा सरकणारच. अर्पितानं विचारलं, मग काय होतं? साधनानं तिच्या मनगटावर हलकेच बोट ठेवलं आणि म्हणाली, हे मोडतं. अर्पितानं मनगट मांडीखाली घेतलं.

त्या दिवशी पट्टे घालून कुणीच बारवर गेलं नाही. दुपारभर साधनाला चैन पडेना. एक नंबरचा पट्टा या पोरीला वर्षभर पुरेल, फार तर थोडा जास्त. वाढीचं वय आहे, हात बघता बघता मोठा होईल. म्हणजे साधनानं आपल्या हातानं बरोबर माप द्यायचं आणि आपल्याच हातानं पोर घालवायची. बरोबर माप देण्यावाचून तर इलाज नव्हता. इतकी वर्षं ती या गोदामात पोरींना शिकवत होती, गुणी पोरी पुष्कळ आल्या, पण अर्पितासारखी बारवर सुखानं असणारी पोर एकही नव्हती. तिला ही पोर हवी होती, अगदी स्वार्थानं हवी होती. आणि वाटूरला जी बाई भिंतींशी बोलत होती तिचंही काही चुकलेलं नव्हतं. साधनानं संध्याकाळी काकासाहेबांना फोन केला आणि रविवारी येऊन जा एवढंच सांगितलं.

रविवारी ते सकाळच्या पहिल्या बसनं आले. उंच, सावळा माणूस, खांद्यावर पंचा, आणि काखेत हरभऱ्याच्या ढाळ्याची ही मोठी पेंडी. चपला दाराबाहेर काढून ते आत आले, पेंडी साधनाच्या टेबलावर ठेवली आणि मॅटावर पाय पडू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेनं चालत येऊन खाली बसले. अर्पिता त्यांच्याजवळ जाऊन बसली. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग पाऊसपाणी, हरभरा, बसची गर्दी, सगळं बोलून झालं. पट्ट्यांचं नाव नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. शेवटी साधनानंच टेबलाच्या खणातून पट्टे काढले आणि त्यांच्यासमोर ठेवले. सोबत ती चिंधीही ठेवली.

काकासाहेब आधी म्हणाले, दुकानदारानं चुकून दिले असतील. संभाजीनगरचं दुकान, तिथं कोण धड बोलतंय. साधना म्हणाली, तिनं एक नंबर सांगितला होता आणि घरी सांगताना अर्पितानं त्याचा दोन केला, एवढं तर पोरीनं कबूल केलंय. काकासाहेबांनी मान वळवली.

“तू दोन सांगितल्ता? मॅडमनी एक सांगितल्ता तरी?”

अर्पितानं मान डोलावली.

“काहून, बाई?”

“जास्त दिवस पुरावेत म्हणून,” ती म्हणाली. पुढचं तिच्यानं सांगवेना, आणि सांगायची गरजही नव्हती.

काकासाहेबांनी पट्टा हातात घेतला, बकल लावलं, सोडलं, पुन्हा लावलं. मान वर न करता ते बोलायला लागले.

“दुकानदारानं दोन नंबरचाच काढून दिल्ता, मॅडम. म्याच इचारलं, ह्याच्याहून मोठा हाय का. तो म्हणला, लेकरू केवढं हाय. म्या म्हणलं, तू दे.” त्यांनी बकल सोडलं. “घरात बोलून बसलो होतो ना मी, पुरतील तवर म्हणून. तिच्या आईला शबूद दिल्ता. तो काय फिरवता येतो? मंग म्हणलं, पट्टाच मोठा घ्यावा.”

अर्पिता बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. दिवाळीपासून तिची समजूत अशी की बाबांनाही आपण घरी यायला हवं आहे, फक्त ते सावकाश सांगताहेत. मनातल्या मनात ती रुसूनही बसली होती त्यांच्यावर. आणि हे बाबा, दुकानात उभं राहून, मोठा हाय का म्हणून विचारत होते. तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, तेव्हा तिनं बापाच्या पंच्याचं टोक धरलं आणि तोंडावर घेतलं.

“खाण तशी माती,” साधना म्हणाली. काकासाहेब तेव्हा पहिल्यांदा हसले, ओशाळून.

पण हसून भागणार नव्हतं. साधनानं त्यांना बारजवळ नेलं, मोठा पट्टा स्वतःच्या हातात चढवला आणि चामडं सैल सोडून बारवर हात फिरवून दाखवला. चामड्याची कड बारवरून पुढे आली, वळली आणि पट्ट्याच्याच खाली जाऊन बसली. तिनं हात ओढला, हात निघेना. काकासाहेब वाकून बघत होते. त्यांनी अडकलेलं चामडं बोटानं दाबून पाहिलं.

“म्हंजी दाव्यासारखं,” ते म्हणाले. “बैलाचं दावं हाताला गुंडाळून कधी धरू न्हाई. बैल उधळला की दावं सुटत न्हाई, हातच जातो. आमच्या चुलत्याचा गेल्ता.”

साधना म्हणाली, अगदी तसंच.

मग त्यांनी साधनाच्या हातातून पट्टा सोडवून घेतला, दुसराही घेतला, आणि दोन्ही आपल्या सदऱ्याच्या खिशात कोंबले. अर्पिताच्या हाताशी ते पुन्हा जाऊ नयेत असे. त्यांचा चेहरा उतरला होता. लेकराच्या हाताला फास घेऊन आलो की मी, असं ते पुटपुटले. साधना म्हणाली, तुम्हाला कुठून माहीत असणार, आणि काही झालेलं नाही ना. पण ते ऐकून त्यांना बरं वाटलं असं काही दिसलं नाही.

हॉलच्या कपाटात माप बघण्यापुरती एक नंबरची एक जुनी जोडी होती. साधनानं ती काढली आणि अर्पिताला समोर बसवून तिच्या हातात चढवायला घेतली. घाईचं काम नव्हे ते. आधी पातळ बँड, एकच. मग बोटं भोकांत, पहिल्या पेराच्या खाली, दुसऱ्याच्या वर. मग हात पालथा करायचा, चामडं तळहातावर बसू द्यायचं, आणि बकल ओढायचं ते पोरीच्या तोंडाकडे बघत; तोंड किंचित वाकडं झालं की एक भोक मागे. अर्पिताची बोटं साधनाच्या तळहातात पडून होती आणि काकासाहेब गुडघ्यांवर हात ठेवून ते सगळं बघत होते. चढवून झाल्यावर साधनानं त्यांना करंगळी घालून बघायला सांगितलं. त्यांनी घालून पाहिली, पण नांगरटीचा तो हात, करंगळी कसली जातेय. अर्पिता खुदकन हसली.

“हे बराबर बसलं म्हणायचं?” त्यांनी विचारलं.

“हे बरोबर. असंच नवीन घ्यायचं.”

“किती दिवस पुरंल?”

साधनाला हाच प्रश्न नको होता. खोटं बोलावं असं तिच्या मनात येऊन गेलं. दोन वर्षं म्हणाली असती तर कोण बघायला आलं असतं? पण मग पुढच्या वर्षी हात वाढेल आणि पोर तोच पट्टा ताणून ताणून घालेल. नको. एकदा चिंध्या बांधून झाल्या तेवढं पुरे.

“वर्षभर,” ती म्हणाली.

काकासाहेबांनी हूं केलं. अर्पितानं हात मांडीवर ठेवले आणि ती त्या चामड्याकडे बघत बसली.

“आन् मंग?” काकासाहेबांनी विचारलं.

“मग दोन नंबर लागेल.”

“आन् हे तीनवाले?” त्यांनी खिशावर हात ठेवला.

“त्यांना अजून पुष्कळ अवकाश आहे. कॉलेजात जाईल तेव्हा कदाचित. हात तेवढा झाला तर.”

काकासाहेब विचार करत राहिले. विचार करताना ते अंगठ्यानं हनुवटी घासत होते. मग त्यांनी खिशातून पट्टे न काढता फोन काढला आणि बायकोला लावला. फोन कानाला लावायची त्यांना सवय नव्हती. तोंडासमोर धरून, आवाज मोठा ठेवून ते बोलायचे, त्यामुळे दैवशालाबाई काय म्हणतात ते सगळ्या हॉलला ऐकू येत होतं.

त्यांनी सगळं सरळ सांगितलं. मोठे आणले, ते चुकलं, लेकराचा हात मोडला असता. पलीकडून एकदम प्रश्न आला, लागलं तर न्हाई ना तिला? अर्पिताच पुढे होऊन म्हणाली, नाही आई, मी वर गेलेच नाही. मग काकासाहेबांनी सांगितलं की आता एक नंबरचे नवीन घ्यावे लागतील.

“ते किती पुरतील?” दैवशालाबाईंनी विचारलं.

“वर्षभर, म्हणतेत मॅडम.”

“बरं.”

त्या एका शब्दात केवढं तरी होतं. वर्षानं पोर घरी, हे त्या बाईला समोर दिसलं असणार. काकासाहेबांनी फोन तोंडाच्या आणखी जवळ धरला.

“पण ते दुसरे पट्टे बी हायेत ना,” ते म्हणाले. “तीन नंबरचे. दिवाळीत म्या ज्या पट्ट्यांचं म्हणलं होतं, घेऊन देतो म्हणून, ते हेच की. पुरतील तवर खेळू दे म्हणलं होतं.” त्यांनी साधनाकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं. “ते अजून घातलेच न्हाईत तिनं. ते बिलकुल नवे हायेत.”

पलीकडे कुठंतरी एक भांडं वाजलं, कोंबड्यांना हाकलल्याचा आवाज आला. दैवशालाबाई काही भोळ्या नव्हत्या. दिलेली मुदत अजून सुरूच झाली नाही, हा नवऱ्याचा डाव त्यांना कळला होता, आणि तो कळला आहे हे काकासाहेबांनाही कळलं होतं. अर्पितानं पट्टे घातलेले दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले. साधनाला वाटलं, आता ही बाई रडेल नाहीतर फोन ठेवेल, आणि दोन्हींतलं काहीही केलं तरी तिला दोष देता येणार नाही.

“सुट्टीला येती ना ती घरी?” दैवशालाबाईंनी विचारलं.

“येती की. येत न्हाई व्हय.”

“सगळी सुट्टी राह्यची. चार दिवसांनी पळून जायचं न्हाई.”

“सगळी राहीन, आई,” अर्पिता म्हणाली.

पलीकडे पुन्हा भांडं वाजलं.

“ते मोठे पट्टे तिथं ठेवू नका,” दैवशालाबाई म्हणाल्या. “इकडं घेऊन या. चामडं हाय ते, पडून राह्यलं की तडकतं. मी तेल लावून ठेवते. मधून मधून लावत जाईन.”

काकासाहेब बरं म्हणाले. फोन ठेवून त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं, ते जरा जास्तच वेळ पुसलं. अर्पिता बापाच्या दंडाला टेकली आणि तशीच बसून राहिली.

तेल लागलेला पट्टा बारवर चालत नाही. हात सुळकन निसटतो. ज्या पट्ट्याला एकदा तेल लागलं तो पट्टा कायमचा वाया गेला. हे साधनाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगायला अजून बरीच वर्षं होती. तिनं काकासाहेबांकडून ते दोन्ही पट्टे मागून घेतले, कागदात नीट गुंडाळले आणि त्यांच्या पिशवीत घालून दिले. मग तिनं अर्पिताला बारखाली बोलावलं.